श्रद्धा, निर्णय आणि लोकसंग्रह

गीतेचा नित्यपाठ करणाऱ्या पुष्कळ सज्जनांपुढे एक अडचण उभी राहते. पहाटे दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञलक्षणांचे पठण होते, आणि अकरा वाजता कचेरीत फाईल उघडली की त्या लक्षणांचा व समोरच्या कागदाचा संबंध कोठे आहे हे उमगत नाही. मग दोहोंपैकी एक मार्ग धरला जातो. काही जण म्हणतात, श्रद्धा ही देवघरातील वस्तू. व्यवहाराने व्यवहाराच्या नियमाने चालावे. काही जण नेमके उलट टोक गाठतात आणि श्रद्धेच्या नावाने शेजाऱ्याच्या, गावाच्या, किंबहुना सर्व देशाच्या आचरणावर अधिकार सांगू लागतात. पहिल्या मार्गाने श्रद्धा निरुपयोगी ठरते, दुसऱ्याने उपद्रवी. गीता या दोन्ही वाटा नाकारते. ती कशी, एवढाच विचार या पाठात कर्तव्य आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की गीतेचा उपदेश एका सार्वजनिक निर्णयाच्या प्रसंगी झाला. अर्जुनासमोर प्रश्न होता तो राज्याचा, न्यायाचा आणि सहस्रावधी मनुष्यांच्या जीविताचा. लोकमान्य टिळकांनी १९१० - ११ च्या सुमारास मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त ह्याच प्रसंगावर बोट ठेवून गीतेचे तात्पर्य कर्मयोगात आहे, असे प्रतिपादन केले. त्यांचे सर्वच विवेचन मान्य असो वा नसो, उपदेशाची जागा रणभूमी होती हे कोणालाही नाकारता येणार नाही.

आता अर्जुनाचे नेमके दुखणे काय होते ते पाहावे. युद्ध त्याला नवे नव्हते. निवातकवचांशी लढताना हिंसेचा विचार त्याला शिवला नाही. कुरुक्षेत्रावर मात्र गात्रे शिथिल झाली. पहिल्या अध्यायात त्याच्या तोंडी एक शब्द पुन्हापुन्हा येतो : स्वजन. समोर उभे असलेले आपले आहेत, म्हणून न्यायाचा काटा हलला. आणि काटा हलल्याबरोबर त्याला युक्तिवाद सुचू लागले. कुलधर्म बुडेल, पितरांचे पिंड लोपतील, समाजाची घडी विसकटेल. यातील एकही विधान हलक्या तोंडाचे नाही. सगळी धर्मशास्त्राच्या भाषेत आहेत. म्हणूनच भगवंतांनी दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात त्याला जे सुनावले त्याचा मथितार्थ असा की, बोलणे शहाण्याचे आहे पण शोक अस्थानी आहे. मोह जेव्हा मोहाच्या वेषात येतो तेव्हा तो ओळखता येतो. तो धर्माच्या वेषात येतो तेव्हा गीतेची गरज पडते.

हा प्रसंग घरोघरी घडतो. समजा, एखाद्या गृहस्थाकडे सहकारी पतसंस्थेच्या निवड समितीचे काम आहे. लिपिकाची एकच जागा, आणि अर्जदारांत त्याचा सख्खा भाचा. बहीण घरी येऊन म्हणते, "दादा, एवढे तरी कर." गृहस्थ सज्जन आहे, लाच घेणे त्याच्या स्वप्नातही येणार नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनात एकेक विचार उगवू लागतो. बहिणीचे यजमान गेले, घर चालवणारे कोणी नाही. विधवेच्या मुलाला आधार देणे हा धर्मच नव्हे काय? मुलगा हुशार आहे, इतरांहून फारसा कमी नाही. शिवाय आपण बाजूला झालो तर दुसरा सभासद स्वतःचा माणूस घुसवील, मग संस्थेचे काय भले होणार? पाहता पाहता अन्याय हे कर्तव्य होऊन बसते. अर्जुनाने तरी याहून वेगळे काय केले होते?

येथे श्रद्धेचे पहिले काम सुरू होते. समितीने कोणाला निवडावे हे श्रद्धा सांगत नाही. निवड करणाऱ्याचा डोळा स्वच्छ आहे की नाही, एवढे ती विचारते. अठराव्या अध्यायात (श्लोक २० ते २२) ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. विभागलेल्या सर्वांत एक अविभक्त भाव पाहणारे ते सात्त्विक. प्रत्येकाला सुटे, वेगळे धरणारे ते राजस. आणि एकाच तुकड्याला सर्वस्व मानून त्याला चिकटून बसणारे ते तामस. हे वर्गीकरण सहसा वेदान्ताच्या चर्चेत येते आणि तेथेच संपते. वस्तुतः निवड समितीच्या मेजावर ते जितके लागू पडते तितके अन्यत्र क्वचितच. त्या गृहस्थाला भाच्याची विधवा आई दिसते. पण ज्याची आई या शहरात येऊन कोणाला भेटू शकत नाही, ज्याच्या अर्जावर ओळखीचे नाव नाही, त्या उमेदवाराच्या घरीही चूल आहे. ते घर त्याला दिसत नाही. एक तुकडा सर्वस्व झाला. सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकातील आत्मौपम्य, म्हणजे दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःवरून मोजण्याची दृष्टी, येथे त्याला मदत करील. मात्र त्यासाठी त्याने अनोळखी अर्जदारांच्या जागी स्वतःला बसवून पाहिले पाहिजे. असे केल्यावर त्याला कदाचित एवढेच सुचेल की सभेत उघडपणे नाते सांगावे आणि त्या निवडीपुरते समितीतून दूर व्हावे. भाच्याला जागा मिळेल किंवा मिळणार नाही. बहिणीचा रोष मात्र बहुधा पदरी येईल, आणि येत्या भाऊबीजेला ती ओवाळायला येईलच असे नाही. धर्माचा निर्णय केला की घरात सर्व गोड होते, असे आश्वासन गीतेने कोठेही दिलेले नाही.

पण मग देवच सरळ का सांगत नाही? कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची जुनी रीत आहे. पाकळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. त्या रीतीमागील भाविकतेची थट्टा करण्याचे कारण नाही. तथापि हे लक्षात घ्यावे की अर्जुनालाही असाच कौल हवा होता. जे निश्चित श्रेयस्कर असेल ते सांग, असे त्याने शिष्य होऊन विनविले. भगवंतांनी सतरा अध्याय त्याला सर्व बाजू उलगडून दाखविल्या, स्वतःचे मतही लपविले नाही, आणि अखेर अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात सांगितले की या सर्वांचा पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर. साक्षात परमेश्वर सारथी असतानाही निर्णयाचा भार अर्जुनाच्याच खांद्यावर राहिला. देवाच्या नावावर निर्णय टाकून मोकळे होणे, मग ते पाकळीने असो, मुहूर्ताने असो वा एखाद्या महाराजांच्या शब्दाने असो, हे गीतेच्या अध्यापनपद्धतीत बसत नाही.

करांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण धार्मिक म्हणविणाऱ्या घरांत याबाबत विलक्षण सैलपणा आढळतो. तिसऱ्या अध्यायात (श्लोक १० ते १६) यज्ञचक्राचे वर्णन आहे. सर्वांकडून मिळालेले जो परत न देता एकटाच भोगतो, त्याला तेथे चोर हाच शब्द वापरला आहे. रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा ही आजची चक्रे आहेत. जागेच्या खरेदीखतात किंमत कमी दाखवून मुद्रांकशुल्क वाचवावयाचे आणि त्याच वाचलेल्या पैशातून मंदिराच्या सभामंडपाला फरशी द्यावयाची, यास दान म्हणणे अवघड आहे. फरशीवर कोरलेले देणगीदाराचे नाव तेवढे खरे.

येथवर व्यक्तीचा विचार झाला. कठीण प्रश्न पुढे आहे : एकाच सार्वजनिक गोष्टीत दोन्ही पक्ष श्रद्धेचेच नाव घेत असतील तर? महाराष्ट्राने हे पंढरपुरास पाहिले आहे. विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या भाविकांना प्रवेश नव्हता. वारीत टाळ घेऊन चालणारा चोखोबांचा वारस महाद्वाराबाहेरच थांबे. साने गुरुजींनी मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर फिरून सभा घेतल्या, लोकांची मने वळविली, आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध करणारी सनातनी मंडळीही अश्रद्ध नव्हती. परंपरा मोडली तर देव राहणार नाही असे त्यांना मनापासून वाटत होते. याच महिन्यात दहा-अकरा दिवसांनी उपोषण सुटले, आणि मंदिर खुले झाले.

दोन श्रद्धा समोरासमोर आल्या असता त्यांची परीक्षा कशाने करावी? सतराव्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकाचा भाव असा की मनुष्य श्रद्धेचाच घडलेला आहे. जशी श्रद्धा तसा तो. म्हणजे कोणाला श्रद्धा आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. ती कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न. त्याच अध्यायात तपाचेही तीन प्रकार आहेत : सत्कारासाठी केलेले तप राजस, आणि हट्टाने स्वतःला पिळून किंवा दुसऱ्याचा घात व्हावा म्हणून केलेले तामस. उपोषण हे शस्त्र असल्यामुळे ही कसोटी त्याला अधिक कठोरपणे लावली पाहिजे. प्रत्येक उपोषण पवित्र असते असे मुळीच नाही. साने गुरुजींच्या बाबतीत दोन गोष्टी दिसतात. उपोषणापूर्वी त्यांनी समजावण्याचा मार्ग महिनोन्महिने चालून पाहिला होता. आणि दुसरी गोष्ट अशी की मागणी स्वतःसाठी नव्हती. मंदिराचे दार त्यांच्यासाठी आधीपासून उघडेच होते. त्यांच्या श्रद्धेने स्वतःकडे असलेला अधिकार इतरांना मिळावा म्हणून क्लेश सोसले. विरोधकांच्या श्रद्धेने स्वतःकडे असलेला अधिकार राखण्यासाठी इतरांना बाहेर ठेवले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेणारे हेच साने गुरुजी होत. श्रुतलेखनाच्या वहीपासून महाद्वारापर्यंतचे अंतर पंधरा वर्षांचे आहे. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आणि २५ व्या अनुच्छेदात सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सर्व हिंदूंना खुल्या करण्याचा अधिकार शासनाला मिळाला.

घटनेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच नोंदवावी. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजविलेल्या घटनेच्या मूळ प्रतीत चौथ्या भागाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला गीता सांगत असल्याचे चित्र आहे. चौथा भाग म्हणजे राज्यधोरणाची निदेशक तत्त्वे. ३७ व्या अनुच्छेदाप्रमाणे ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, परंतु न्यायालयामार्फत ती अंमलात आणता येत नाहीत. १९७६ साली ५१-क या अनुच्छेदाने जोडलेल्या नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांतही कसूर करणाऱ्यास शिक्षा सांगितलेली नाही. जेथे कायद्याचा दंड पोचत नाही, तेथे कर्तव्य कोणाच्या बळावर पाळावयाचे? ते चित्र त्याच पानावर का आले याचा तर्क करण्याचे प्रयोजन नाही. वाचकाने ते पान एकदा पाहावे.

मतदानाच्या वेळी श्रद्धेने मार्ग दाखवावा की नाही, असाही प्रश्न विचारला जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) अन्वये धर्म, वंश, जात, जमात वा भाषा यांच्या आधारे मत मागणे हे भ्रष्ट आचरण होय. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की यात उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराचा धर्मही येतो. काहींना यात श्रद्धेवर बंधन दिसते. गीतेच्या वाचकाला ते तसे दिसू नये. 'हा आपला' म्हणून मत मागणारा मतदाराच्या मनातील तोच 'स्वजन' जागा करीत असतो. मतदाराची श्रद्धा जिवंत असेल तर ती त्याला उमेदवाराच्या कपाळाकडे पाहावयास लावणार नाही. मागील पाच वर्षांत याने ज्यांच्याकडून मत मिळण्याची आशा नव्हती त्यांच्या वस्तीत नळ नेला काय, हे विचारावयास लावील. मतपेटी असो वा यंत्र, आडोशाच्या आत कोणी पाहात नाही. तेराव्या अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकात देहात राहणाऱ्या परमपुरुषाला 'उपद्रष्टा', जवळून पाहणारा, म्हटले आहे, एवढे त्या आडोशात आठवले तरी पुष्कळ झाले.

आणि मतदान पाच वर्षांतून एकदा येते. ग्रामसभा वर्षातून अनेकदा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. अनेक राज्यांत २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती भरविण्याचा प्रघात आहे. विहिरीचा गाळ, शाळेचे छप्पर, कोणाला घरकुल द्यावयाचे आणि कोणाचे नाव यादीतून गळाले, हे सर्व तेथे ठरते. पुरेशी माणसे न जमल्यामुळे ती सभा तहकूब होते, हेही खेड्यापाड्यांत नवीन नाही. तिसऱ्या अध्यायाच्या विसाव्या श्लोकात जनकाचे उदाहरण देऊन लोकसंग्रह सांगितला आहे. जनक राजा होता आणि राज्याच्या कामातच त्याची सिद्धी झाली. सप्ताहात रात्री बारापर्यंत कीर्तनाला बसणाऱ्या गृहस्थाने त्या सभेला सकाळी दहा वाजता जावे, मागच्या बाकावर न बसता यादी वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा, आणि गळालेले नाव आपल्या भावकीतले नसेल तर ते अधिक मोठ्याने विचारावे.