पाण्यावरची स्कूटर आणि तिचे इंजिन : एका धंद्याचा धडा

मालवण, तारकर्ली, अलिबाग किंवा गोव्यातील कळंगुटच्या किनाऱ्यावर गेलेल्या वाचकांनी लाटांवर धावणारी स्कूटर पाहिली असेलच. लोक तिला सरसकट 'जेट स्की' म्हणतात. वास्तविक जेट स्की हे कावासाकी या जपानी कंपनीच्या मालाचे नाव आहे. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. आपले अनेक कारागीर बंधू स्कूटर-मोटारसायकलच्या गॅरेजात काम करतात. कोकणात काहीजण होड्यांची इंजिने दुरुस्त करतात. अशा मंडळींनी या यंत्राची हकीकत अवश्य समजून घ्यावी. इंजिन ज्या जागी चालवायचे त्या जागेला ते मानवले नाही तर चांगली कल्पनाही बुडते, आणि आज मानवलेले इंजिन उद्या बदलावे लागते, हे या हकीकतीतून दिसते.

पंख्याऐवजी पंप

साध्या मोटरबोटीचा पंखा बोटीच्या खाली पाण्यात फिरतो. उथळ पाण्यात तो दगडाला लागतो, आणि शेजारी माणूस पोहत असेल तर जिवावर बेततो. न्यूझीलंडमधील बिल हॅमिल्टन यांच्या भागातील नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या होत्या. त्यांनी 1954 च्या सुमारास पंपाच्या जोरावर चालणारी बोट यशस्वी केली. बोटीच्या तळाशी असलेल्या जाळीतून पाणी आत खेचायचे, आतल्या इम्पेलरने त्याला जोर द्यायचा आणि मागच्या नळीतून ते फेकायचे. पाणी मागे जाते, बोट पुढे सरकते. पाण्यावरच्या स्कूटरमध्ये हीच रचना आहे. हँडल फिरवले की मागची नळी फिरते आणि स्कूटर वळते.

चांगली कल्पना, चुकीचे इंजिन

मोटारसायकल शर्यतीचा शौक असलेले अमेरिकेतील क्लेटन जेकबसन यांनी 1960 नंतरच्या दशकात मोटारसायकलसारखे पाण्यावर चालवता येईल असे वाहन बनवायला घेतले. 1965 मध्ये त्यांचा पहिला नमुना तयार झाला. तो कॅनडाच्या बोम्बार्डियर कंपनीच्या नजरेत भरला. ही कंपनी बर्फावरच्या 'स्की-डू' गाड्या बनवत असे. बर्फाची गाडी फक्त हिवाळ्यात खपते. उन्हाळ्यात दुकानदार रिकामे बसतात. त्याच दुकानांतून उन्हाळ्यात विकता येईल असा माल कंपनीला हवा होता. हंगामी धंदा करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना हा विचार नवा वाटणार नाही.

1968 मध्ये बोम्बार्डियरने 'सी-डू' बाजारात आणली. तिच्यात रोटॅक्सचे 18 अश्वशक्तीचे हवेने थंड होणारे इंजिन होते. बर्फाच्या गाडीत असे इंजिन उत्तम चालते, कारण तिथे थंड हवेला तोटा नसतो. पाण्यावरच्या गाडीत मात्र इंजिन बंद पेटीत बसते आणि आत येणारी हवा खाऱ्या तुषारांनी भरलेली असते. लोखंडाला गंज चढू लागला. पुढे पाण्याने थंड होणारे, अधिक ताकदीचे इंजिन बसवले, पण तोवर गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता. दोन-तीन वर्षांतच कंपनीने हा माल बंद केला.

कल्पना मात्र मेली नाही. जेकबसन यांनी कावासाकीशी करार केला आणि 1973 मध्ये कावासाकीची जेट स्की आली. ती उभे राहून चालवायची होती आणि तिचे इंजिन 400 सीसीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक होते. पुढे 440 आणि 550 सीसीची यंत्रे निघाली. उभे राहून तोल सांभाळणे मात्र सगळ्यांना जमेना. यामाहाने 1987 साली बसून चालवायची दोन माणसांची वेव्हरनर विकायला काढली, तेव्हा घरादाराचे गिऱ्हाईक आले. 1988 मध्ये बोम्बार्डियरही नवी सी-डू घेऊन परतली. एकदा हात पोळल्यावर अठरा वर्षांनी त्याच धंद्यात उतरून ती पुढे बाजारात आघाडीवर गेली.

टू-स्ट्रोकचे गुण आणि दोष

टू-स्ट्रोक इंजिन आपल्या मिस्त्री लोकांना हाताच्या रेषांसारखे ओळखीचे आहे. जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालत असू, तेच हे इंजिन. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, भाग थोडे, वजन कमी आणि जोर भरपूर. शिवाय तळाशी ऑईलची टाकी नसते. पाण्यावरची स्कूटर हमखास उलटते, तेव्हा ऑईल भलतीकडे जाण्याची भीती राहत नाही. म्हणूनच पहिली तीस वर्षे या धंद्यावर टू-स्ट्रोकचे राज्य होते. 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यास एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे 2 लाख यंत्रे खपत होती.

पण याच इंजिनाचा दोष असा की एक्झॉस्टची वाट उघडी असताना ताजे पेट्रोल न जळताच बाहेर निसटते. जुन्या कार्बोरेटरच्या यंत्रात पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक पेट्रोल असे थेट पाण्यात जाई. तलावाचे पाणी पिणारी माणसे तक्रार करू लागली. 1996 मध्ये अमेरिकेच्या सरकारने अशा इंजिनांचा धूर टप्प्याटप्प्याने सुमारे 75 टक्क्यांनी घटवण्याचा नियम केला. जून 1999 पासून ताहो सरोवरात कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक स्कूटरना बंदी झाली.

2002 च्या मॉडेलांपासून यामाहा, होंडा आणि सी-डू यांनी फोर-स्ट्रोक यंत्रे उतरवली. सी-डूचे तीन सिलिंडरचे इंजिन 155 अश्वशक्तीचे होते. ऑईलचा प्रश्न सोडवण्यासाठी ऑईल वेगळ्या टाकीत ठेवणे, गाडी उलटल्यावर वाट बंद करणारे व्हॉल्व्ह बसवणे असे उपाय योजले गेले. पुढे 300 अश्वशक्तीचीही यंत्रे निघाली. या बदलाच्या काळात काही जणांनी दुकान आवरले. आर्क्टिक कॅटने 1999 मध्ये आणि पोलॅरिसने 2004 मध्ये हा माल बंद केला.

आपल्या कामाचे काय?

किनाऱ्यावर हा धंदा करू पाहणाऱ्यांनी किंवा दुरुस्तीचे काम घेऊ पाहणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, स्वस्त मिळते म्हणून जुने टू-स्ट्रोक यंत्र डोळे झाकून घेऊ नये. सुटे भाग मिळतील का आणि पेट्रोल किती खाईल, याचा हिशेब आधी मांडावा.

दुसरी, खाऱ्या पाण्यातून आणल्यावर इंजिन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे. बहुतेक यंत्रांत आधी इंजिन चालू करावे, मग नळ सोडावा. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन बंद. हा क्रम उलटला तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते. कंपनीचे पुस्तक पाहिल्याशिवाय हात घालू नये.

तिसरी, वाळूत किंवा गुडघाभर पाण्यात इंजिन सुरू करू नये. पंप वाळू खेचतो, इम्पेलर झिजतो आणि जोर जातो. कमरेइतके पाणी असावे.

चौथी गोष्ट जिवाची आहे. या गाडीचे वळण पाण्याच्या धारेवर अवलंबून आहे. समोर होडी दिसली की नवखा माणूस घाबरून रेस सोडतो. धार थांबते आणि हँडल फिरवूनही गाडी सरळ जाऊन आदळते. गिऱ्हाइकाला हे आधी समजावून सांगावे. लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही बसवू नये. माणूस पडताच इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी तर कधीच मोकळी सोडू नये. चार पैशांच्या घाईत हे टाळले आणि एखाद्याच्या घरचा मुलगा गेला, तर तो हिशेब कोणत्याही वहीत बसणार नाही.

शेवटी गॅरेजमधल्या बंधूंना एवढेच सांगावेसे वाटते की टू-स्ट्रोकचा तुमचा हात वाया गेलेला नाही. प्लग, पंप, पेट्रोल आणि हवा यांची जाण तीच आहे. तिच्यात फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यांची भर घालायची आहे. घरातील शिकलेल्या मुलाला सोबत बसवून कंपनीचे पुस्तक वाचायला लावा, म्हणजे मुलगा तुमच्याकडून हुन्नर शिकेल आणि तुम्ही त्याच्याकडून नवे यंत्र शिकाल.