जंगलातील जमीन व डॉ. सुझान सिमार्ड यांचे संशोधन

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तोड झालेल्या वनक्षेत्रांवर इमारती लाकडाकरिता डग्लस फर या सूचिपर्णी वृक्षाची लागवड करण्यात येते. तेथे आपोआप उगवणारा बर्च, जो आपल्या हिमालयातील भूर्जवृक्षाचा सगोत्र होय, दीर्घकाळ तण म्हणूनच लेखला जात असे. तो फरचा सूर्यप्रकाश हिरावतो, सबब तो तोडावा अथवा तणनाशकाने मारावा, असा प्रघात होता.

१९६० साली जन्मलेल्या सुझान सिमार्ड यांनी त्याच प्रांताच्या वनखात्यात संशोधन करीत असता या प्रघाताविषयी शंका घेतली. बर्च काढून टाकलेल्या लागवडीत फरची रोपे मूळकुजीस बळी पडताना त्यांना दिसली होती. याचे कारण जमिनीखाली शोधणे प्राप्त होते.

वृक्षांच्या मुळांवर काही कवके वस्ती करतात. त्यांचे तंतू मातीतून पाणी व स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात वृक्षाने तयार केलेली साखर घेतात. बर्च व फर यांच्या मुळांवर यांपैकी काही कवके समान असतात. मग एकाची साखर दुसऱ्यास पोचते काय? हे पाहण्यासाठी सिमार्ड यांनी दोन्हींची रोपे शेजारी लावली, त्यांवर पिशव्या बांधल्या आणि एकास कर्ब-१३ चा, दुसऱ्यास कर्ब-१४ चा कर्बाम्लवायू दिला. कर्ब दोन्ही दिशांनी गेला. परंतु निव्वळ लाभ फरचा झाला, तो शोषलेल्या कर्बाच्या सरासरी ६ टक्के होता. फरवर सावली जितकी दाट, तितका तो अधिक. हे निष्कर्ष १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यास तण मानले, तेच पिकास पोशीत होते!

तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. शेजारी लावलेल्या सीडरच्या मुळांवर निराळी कवके असूनही त्यात थोडा कर्ब आढळला. म्हणजे काही भाग मातीतूनच गेला असावा. २०२३ साली तीन शास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधनाची छाननी करून, तंतूंच्या जाळ्याविषयीचे काही दावे पुराव्यापेक्षा पुढे गेले आहेत, असे मत मांडले. त्यांतील मेलनी जोन्स या तर १९९७ च्या प्रयोगातील सहकारीच होत्या.

सिमार्ड पुढे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. तोडीच्या वेळी किती जुने वृक्ष राखल्यास नवी रोपे व जमीन सुस्थितीत राहतात, याची पाहणी त्यांनी २०१५ पासून हाती घेतली.

आपल्याकडील ज्वारी, कापूस, ऊस व साग यांच्या मुळांवरील कवके सीडरच्या वर्गातील आहेत. त्यामुळे फर-बर्चचे आकडे आपल्या शेतास जसेच्या तसे लागू करणे युक्त नव्हे.