घटक ४ : वाढणे आणि वाटणे : सेवाकार्याचे अनुभवलेखन

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात तुम्ही प्रवासवर्णन आणि अनुभवकथन यांतील फरक पाहिला. या घटकात अनुभवलेखनाच्या एका अवघड प्रकाराचा विचार करावयाचा आहे. शिक्षण, नोकरी किंवा मुलाबाळांच्या निमित्ताने परदेशी गेलेली मराठी माणसे कधीकधी तेथील चर्चच्या अन्नछत्रात स्वयंसेवक म्हणून काम करतात. त्यासाठी ख्रिस्ती असावे लागते असे नाही. बहुतेक ठिकाणी हात धुऊन एप्रन बांधणाऱ्या कोणाचेही स्वागत होते. पुढे या अनुभवावर एखाद्या स्मरणिकेत किंवा दिवाळी अंकात लेख लिहिला जातो. असा लेख हेतूने चांगला असूनही पुष्कळदा फसतो. तो का फसतो, हे समजून घेणे आणि स्वतः लिहिताना कोणत्या शब्दांपाशी थांबावे हे ओळखणे, एवढेच या घटकाचे उद्दिष्ट आहे.

अडचण उघड आहे. लिहिणाऱ्याचे पोट भरलेले असते, ज्याच्याविषयी लिहायचे तो भुकेला असतो, आणि वाचक हजारो मैल दूर असतो. लेखातील माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळण्याचा संभव नसतो. म्हणून येथे शब्दांची निवड हा अलंकरणाचा भाग राहत नाही. त्या निवडीवर एका माणसाची प्रतिष्ठा अवलंबून असते.

४.२ एक उदाहरण : न्यूयॉर्कमधील ‘होली अपॉसल्स’

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, नवव्या ॲव्हेन्यूवर, एकोणिसाव्या शतकात बांधलेले ‘चर्च ऑफ द होली अपॉसल्स’ आहे. १९८० नंतरच्या मंदीत अमेरिकेत बेकारी वाढली आणि त्याच सुमारास केंद्र सरकारने अन्नसाहाय्यावरील खर्चाला कात्री लावली. शहरांतून भुकेल्या माणसांच्या रांगा दिसू लागल्या. चर्चपाशी जागा होती, स्वयंपाकघर होते, आणि रविवार वगळता ही जागा बरीचशी रिकामी असे. ऑक्टोबर १९८२ मध्ये येथे ‘सूप किचन’ सुरू झाले. पहिल्या दिवशी सुमारे ३५ माणसे जेवली. पुढे ही संख्या रोज हजाराच्या घरात गेली.

एप्रिल १९९० मध्ये चर्चला मोठी आग लागली. छत कोसळले, तरी दुसऱ्या दिवशीचे जेवण चुकले नाही. इमारतीची दुरुस्ती झाल्यावर एक महत्त्वाचा निर्णय घेण्यात आला : प्रार्थनेसाठी ओळीने जखडलेली लाकडी बाके पुन्हा बसवायची नाहीत. त्यामुळे मुख्य प्रार्थनागृह मोकळे झाले. कामाच्या दिवशी तेथे गोल टेबले मांडून जेवणे होऊ लागली आणि रविवारी त्याच जागेत उपासना. आपल्याकडील वाचकाला याचे मर्म चटकन कळावे, यासाठी एवढेच लक्षात आणून द्यावेसे वाटते : अन्नछत्र देवळाच्या आवारात असणे आपल्या परिचयाचे आहे, येथे पंगत गाभाऱ्याच्या समोरच बसली.

स्वयंसेवकाचे काम दिसायला साधे असते. सकाळी नाव नोंदवायचे, केस झाकायचे, हातमोजे घालायचे आणि नेमून दिलेल्या जागी उभे राहायचे. एकाकडे पाव, दुसऱ्याकडे भाजी, तिसऱ्याकडे टेबले पुसण्याचे फडके. येणाऱ्याला उत्पन्नाचा दाखला किंवा ओळखपत्र मागितले जात नाही, तू का आलास असेही विचारले जात नाही. ही न विचारण्याची शिस्त नवख्या स्वयंसेवकाला सर्वांत कठीण जाते, कारण दयेला नेहमी चौकशीची सवय असते.

येथे जेवायला येणाऱ्यांना ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणे, म्हणण्याची रीत आहे. तिची मुळे जुनी आहेत. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांत आलेल्या पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्ताचे स्वागत समजून करावे असे सांगितले आहे. १९३३ साली, महामंदीच्या काळात, डोरोथी डे आणि पीटर मॉरीन यांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या ‘कॅथलिक वर्कर’ चळवळीने हीच आतिथ्याची कल्पना शहरातल्या गरिबांच्या वस्त्यांत आणली.

४.३ शब्दांचा प्रश्न

आता मराठीकडे वळू. या ‘गेस्ट’साठी तुम्ही कोणता शब्द वापराल? ‘लाभार्थी’ हा सरकारी योजनांच्या अर्जांतून आलेला शब्द आहे. त्याला चेहरा नाही. ‘याचक’ म्हटले की समोरचा हात पसरून उभा राहतो. ‘गरजू’ सौम्य आहे, पण माणसाची ओळख त्याच्या उणिवेवरून करून देतो. ‘पाहुणा’ जवळचा वाटतो. मात्र मराठीत पाहुण्याला आग्रह करायचा असतो, आणि हजार माणसांच्या रांगेत आग्रहाला सवड नसते. ‘जेवायला आलेली माणसे’ हा साधा शब्दप्रयोग मला सर्वांत निर्धोक वाटतो. तुमचे मत वेगळे असू शकेल.

क्रियापदांकडे तर अधिक बारकाईने पाहायला हवे. ‘वाटणे’ आणि ‘वाढणे’ यांत एका अक्षराचा फरक आहे. वस्तू वाटल्या जातात : वह्या, पत्रके, ब्लँकेटे. वाटणारा उभा असतो, घेणारा रांगेत असतो, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलेच पाहिजे असे नाही. जेवण मात्र वाढले जाते. वाढणाऱ्याला ताटाकडे पाहावे लागते, खाली वाकावे लागते, ‘आणखी घेणार का?’ असे विचारावे लागते. सूप किचनमध्ये या दोन्ही क्रिया एकाच तासात घडतात. रांगेत अन्न वाटले जाते आणि टेबलापाशी कॉफी वाढली जाते. आपण नेमके काय केले, हे लेखकाने प्रामाणिकपणे ठरवावे. दिवसभर पावाचे तुकडे ट्रेवर ठेवले असतील, तर ‘अन्नदान केले’ असे लिहू नये. अन्न चर्चने मिळवले, पैसे इतरांनी दिले. आपण दिले ते चार तास.

पुढील दोन नमुनावाक्ये पाहा.

(अ) त्या दीनदुबळ्यांच्या डोळ्यांतील कृतज्ञता पाहून माझे जीवन धन्य झाले.

(आ) एका बाईंनी ट्रेवरचा पाव परत केला आणि कडेचा, जरा भाजलेला तुकडा मागितला. मी तो दिला.

पहिल्या वाक्याचा खरा विषय ‘मी’ आहे. डोळ्यांतील कृतज्ञता ही बहुधा लेखकाने तेथे ठेवलेली असते. दुसऱ्या वाक्यात भावनेचा उल्लेखही नाही. पण आवडनिवड असलेली एक व्यक्ती आपल्याला दिसते. भुकेल्या माणसालाही पावाचा कोणता तुकडा हवा हे सांगण्याचा अधिकार असतो, हे तेथे न सांगता कळते.

४.४ ऐकणारा स्वयंसेवक

ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल हे ‘सेंट व्हिन्सेंट द पॉल’ संस्थेच्या भोजनगृहात स्वयंसेवक होते. तेथे त्यांची एका आईशी गाठ पडली. किराणा दुकानामागील कचऱ्याच्या पेट्यांतून चांगले अन्न निवडून ती आपल्या मुलांना जेवू घालत असे. टाकून दिलेले पुष्कळ अन्न खाण्याजोगे असते, आणि पैसे ठेवावेत-काढावेत तसे अन्न ठेवता-काढता येईल अशी एखादी बँक असायला हवी, ही कल्पना त्यांना तिच्याशी झालेल्या बोलण्यातून मिळाली. सेंट मेरीज चर्चने जागा आणि थोडे भांडवल दिले, आणि १९६७ मध्ये ‘फूड बँक’ या संस्थाप्रकाराचा आरंभ झाला. आज कुटुंबाला घरी नेऊन शिजवता येईल असा शिधा देणाऱ्या अनेक चर्चमागे अशाच बँका उभ्या असतात. या कथेत उपाय सुचवणारी व्यक्ती कोण होती, हे लक्षात घ्या.

अनुभवलेखनात दृष्टी अन्नछत्राच्या दाराबाहेरही जायला हवी. समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेंडिक यांनी ‘स्वीट चॅरिटी?’ (१९९८) या पुस्तकात एक अप्रिय मुद्दा मांडला : स्वयंसेवकांच्या चांगुलपणामुळे भुकेविषयी काहीतरी केले जात आहे असे समाधान समाजाला मिळते, आणि शासनावरील जबाबदारीचा दाब कमी होतो. हा मुद्दा स्वयंसेवकाला झोंबतो. तरीही श्रीमंत देशात ही रांग का आहे, हा प्रश्न ज्या लेखात डोकावतही नाही तो लेख अपुरा मानावा लागेल.

मराठीत या दृष्टीचा पूर्वाधार आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत गेल्या आणि तेथे दीर्घकाळ राहिल्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात प्रवासापेक्षा लोकस्थितीलाच अधिक स्थान आहे. परोपकारी मंडळे कशी चालतात, स्त्रिया संघटना कशा उभारतात, याकडे त्यांचे लक्ष आहे. स्वतःच्या मनाची अवस्था सांगण्यासाठी त्या क्वचितच थांबतात.

४.५ लेखणी कोणाच्या हाती?

होली अपॉसल्समध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून लेखक इयन फ्रेझियर यांच्या पुढाकाराने जेवायला येणाऱ्यांसाठी लेखनवर्ग भरू लागला. जेवण झाले की इच्छुकांनी बसायचे, दिलेल्या विषयावर लिहायचे आणि लिहिलेले मोठ्याने वाचायचे. त्यातील निवडक लेखन ‘फूड फॉर द सोल’ या नावाने २००४ मध्ये पुस्तकरूपाने आले. अन्नछत्राविषयीच्या आपल्या सर्व लेखनाला या पुस्तकाने एक पेच घातला आहे. ज्यांच्याविषयी आपण लिहीत होतो, ते स्वतःच लिहितात. मग स्वयंसेवकाने काय लिहावे? त्याने आपल्या जागेवरून दिसले तेवढेच लिहावे, असे माझे उत्तर आहे. काउंटरच्या अलीकडचे सारे त्याचे. पलीकडच्या माणसाच्या मनात शिरण्याचा परवाना त्याला एप्रनबरोबर मिळालेला नसतो.

स्वाध्याय

तुम्ही स्वतः पंगतीत, भंडाऱ्यात, लंगरमध्ये, शालेय पोषण आहाराच्या वेळी किंवा चर्चच्या अन्नछत्रात केव्हा तरी वाढले असेल. त्या प्रसंगावर दोनशे शब्दांत लिहा. नंतर त्यातील ‘मी’, ‘माझे’, ‘मला’ हे शब्द अधोरेखित करून मोजा, आणि जेवणाऱ्यांपैकी किती जण तुमच्या लेखनात काही बोलले आहेत तेही मोजा. दोन्ही आकडे लेखनाखाली लिहून संपर्कसत्राला आणा.