वस्त्रालंकारांतील विष आणि कायदा

अन्न, वस्त्र आणि निवारा ह्या मनुष्याच्या तीन मुख्य गरजा होत, हे विद्यार्थ्यांनी खालच्या इयत्तांतच पाठ केलेले असते. ह्यांपैकी अन्नाची पारख घरोघर होते. दूध नासले तर वास येतो; धान्यास कीड लागली तर ती डोळ्यांस दिसते. वस्त्राची गोष्ट निराळी आहे. महाद्वार रोडवर दिवाळीची खरेदी करताना आपण कापडाचा पोत पाहतो, रंग जाईल का म्हणून विचारतो व भावात घासाघीस करतो. परंतु ह्या रंगात काय मिसळले आहे असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि विचारला तरी दुकानदारास त्याचे उत्तर देता येईलच असे नाही. अशा अदृश्य विषापासून गिऱ्हाइकाचे रक्षण कोणी करावे, आणि ते विष आहे की नाही हे कोणी सिद्ध करावे, ह्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही प्रस्तुत लेखात योजिले आहे.

नटण्यामुरडण्याच्या वस्तूंतील विषाची पहिली झळ बहुधा कामगारास लागते, असे इतिहास सांगतो. शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली तांबे व सोमल ह्यांपासून एक सुंदर हिरवा रंग तयार केला. पुढे त्या जातीच्या रंगांची युरोपात चढाओढीने खपत झाली. १८६१ साली लंडन येथे कृत्रिम फुलांवर असली हिरवी भुकटी लावणारी एकोणीस वर्षांची कामकरी मुलगी सोमलाच्या विषाने मरण पावली. १८५६ साली पर्किन ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने डांबरापासून जांभळा रंग काढला व कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १८९५ साली फ्रँकफुर्ट येथील शस्त्रवैद्य रेन ह्यांनी रंगाच्या कारखान्यातील मजुरांस मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे दाखवून दिले.

येथे थोडे रसायनशास्त्र समजून घेतले पाहिजे. कृत्रिम रंगांपैकी पुष्कळांस ‘अझो’ रंग म्हणतात. ह्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. सर्वच अझो रंग घातक नसतात, हे ध्यानात ठेवावे. परंतु काही थोड्या रंगांत हा बंध त्वचेवरील किंवा आतड्यांतील सूक्ष्म जंतूंमुळे तुटतो आणि बेंझिडीनसारखी द्रव्ये मोकळी होतात. बेंझिडीनने मूत्राशयाचा कर्करोग होतो. कापसास सरळ धरणारा प्रसिद्ध ‘काँगो रेड’ हा रंग १८८४ साली ह्याच बेंझिडीनपासून निघाला.

आता कायद्याकडे वळू. रेन ह्यांचा शोध १८९५ सालचा. परंतु अंगास लागणाऱ्या कापडात अशा रंगांस बंदी करणारा जर्मनीचा प्रसिद्ध नियम १९९४ सालचा! मध्ये जवळजवळ एक शतक लोटले. ह्या विलंबाचे एक मोठे कारण असे की, रोग वीस-पंचवीस वर्षांनी प्रकट होतो आणि तोपर्यंत तो कोणत्या रंगाने झाला हे सिद्ध करण्याचा भार बिचाऱ्या रोग्यावरच पडतो. जर्मनीच्या नियमामुळे हिंदुस्थानातून माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांस आपले रंग तपासून घेणे भाग पडले. आपल्या सरकारने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली बेंझिडीनच्या ४२ रंगांस व त्यानंतर १९९७ साली आणखी ७० अझो रंगांस मनाई केली. युरोपीय संघाने २००२ साली एक किलो कापडात अशा प्रत्येक घातक द्रव्याचे प्रमाण ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा घातली.

अलंकारांची कथाही अशीच आहे. अमेरिकेत मिनियापोलिस येथे २००६ साली चार वर्षांच्या एका बालकाने, बुटांबरोबर भेट मिळालेल्या साखळीतील हृदयाच्या आकाराचे पदक गिळले. ते जवळजवळ निव्वळ शिशाचे होते. बालक दगावले. कंपनीने सुमारे तीन लाख साखळ्या परत मागविल्या व २००८ साली तिने दहा लाख डॉलर दंड भरला. कॅलिफोर्निया संस्थानात १९८६ साली लोकमताने झालेला एक कायदा आहे. त्याप्रमाणे घातक द्रव्याची सूचना न देता माल विकणाऱ्यावर साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकासही दावा लावता येतो. आणि प्रमाण निरुपद्रवी आहे असे म्हणणे असल्यास ते व्यापाऱ्याने सिद्ध करावे लागते. ह्याच कायद्याचा आधार घेऊन एका नागरिक संस्थेने स्त्रियांच्या हातपिशव्यांतील शिशाबद्दल दावे लावले व २०१० साली अनेक मोठ्या दुकानदारांनी शिशाची मर्यादा मान्य केली. युरोपात २०११ च्या अखेरीपासून दागिन्यांतील कॅडमियमवरही बंधन आले. सोन्याच्या दागिन्यांसंबंधी ‘के.डी.एम.’ हा शब्द आमच्या पालकांनी ऐकला असेल. तो डाखातील ह्याच धातूवरून पडला. त्याची वाफ डाख देणाऱ्या कारागिराच्या फुफ्फुसांस व मूत्रपिंडांस बाधते.

आता आपल्या पायांकडे पाहू. आमच्या कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचे कातडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा ह्यांनी कमावितात. ह्या कामास कित्येक आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी ते फार लवकर होते, म्हणून जगातील बहुतेक कातडे तसेच कमावितात. नीट कमाविलेल्या कातड्यातील क्रोमियम सहसा अपाय करीत नाही. परंतु कृतीत हयगय झाल्यास त्याचे सहासंयुजी रूप तयार होते व त्वचेस खाज व पुरळ उठते. युरोपात १ मे २०१५ पासून त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे.

तथापि वस्तू निर्दोष ठरली म्हणजे सर्व काही निर्दोष झाले असे नव्हे. प्रयोगशाळा कापडात उरलेला रंग मोजते. धुऊन गेलेला रंग कोठे गेला हे ती विचारीत नाही. तामिळनाडूत पालार नदीच्या काठी चर्मालयांच्या सांडपाण्याने सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णपणे नापीक झाल्याचे एका पाहणीत आढळले. वेल्लोरच्या नागरिकांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. २८ ऑगस्ट १९९६ रोजी न्यायालयाने प्रत्येक चर्मालयास दहा हजार रुपये दंड केला आणि दोन तत्त्वे ह्या देशाच्या कायद्याचा भाग म्हणून सांगितली: ज्याने घाण केली त्यानेच तिचे मोल द्यावे, आणि आपला धंदा निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार धंदेवाल्यावर असावा. शंभर वर्षे रोग्याच्या शिरावर असलेले ओझे येथे योग्य खांद्यावर ठेविले गेले.

हा निकाल आम्हांस दूरचा वाटू नये. इचलकरंजीच्या मागांवर व कापड रंगविण्याच्या कारखान्यांवर आमच्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांची भाकरी अवलंबून आहे, आणि तेथूनच पंचगंगा वाहत नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. शहरांचे मैलापाणी व कारखान्यांचे सांडपाणी ह्यांनी झालेल्या तिच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्या न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागले आहे. न्यायासन जवळ आले. परंतु न्यायासन स्वतः उठून नदीवर जात नाही. कोणी तरी तक्रार घेऊन त्याच्यापुढे उभे राहावे लागते.

मग आम्ही करावे काय? नवे कापड एकदा धुऊन मगच अंगावर घालावे. रंग जातो म्हणजे तो विषारी, आणि जात नाही म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नये. ती परीक्षा प्रयोगशाळेचीच आहे. खोटे दागिने बालकांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. कर्णफुलाने कान चिघळला तर त्यातील निकेलचा संशय घ्यावा व ते उतरवून वैद्यास दाखवावे. खरेदीची पावती जपून ठेवावी, कारण पावतीवाचून ग्राहक न्यायालयात गाऱ्हाणे टिकणे कठीण. आणि सर्वांत मुख्य म्हणजे दुकानात ‘केवढ्याला?’ ह्या प्रश्नाबरोबर ‘कशाचे, आणि कोणी तपासले?’ हाही प्रश्न विचारावा. आज एका दुकानदारास त्याचे उत्तर देता येणार नाही. परंतु शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर तो ते ठोक व्यापाऱ्यास विचारील, आणि ठोक व्यापारी कारखानदारास. कायद्याने सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर टाकला आहे, त्याच्यापर्यंत प्रश्न पोचविणे एवढे तरी आमच्या हाती खचित आहे.