आघात आणि स्मृती

१३ मे २००८ रोजी, मंगळवारी संध्याकाळी, जयपूरच्या जुन्या शहरात एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले. चांदपोलचे हनुमान मंदिर, जोहरी बाजार, त्रिपोलिया बाजार अशी गर्दीची ठिकाणे थोड्याच मिनिटांच्या अवधीत हादरली. बॉम्ब साध्या सायकलींवर ठेवलेले होते. ७० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाची झोप उडावी, लहानशा आवाजानेही तो दचकावा, हे स्वाभाविकच होय. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. काहींचा मात्र महिने, प्रसंगी वर्षे उलटली तरी ओसरत नाही. भिंतीला टेकवून ठेवलेली एखादी सायकल दिसताच अशा माणसाची छाती धडधडू लागते, घाम फुटतो आणि तो स्फोट पुन्हा आताच होत आहे असे त्याला वाटते. या अवस्थेस आघातोत्तर तणाव-विकार म्हणतात. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या व्यथेकडे लक्ष वेधले गेल्यानंतर, १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात त्याला स्थान दिले.

हा विकार समजण्यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. स्मृती ही एकच एक शक्ती नव्हे. जिनीव्हाचे मानसशास्त्रज्ञ क्लापारेद यांनी १९११ साली एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. थोड्याच वेळात ती हा प्रसंग विसरली. परंतु त्यांनी पुन्हा हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. घटना पुसली गेली होती, भय मात्र उरले होते.

मेंदूत या दोन कार्यांची केंद्रे जवळजवळ असली तरी वेगळी आहेत. हिप्पोकॅम्पस हा भाग घटनेचे स्थळ, काळ आणि क्रम यांची सांगड घालतो. १९५३ साली अमेरिकेत एका अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूतील हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढण्यात आला, तेव्हापासून त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. त्याच्या लगतचा, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा भाग धोक्याची खूण ओळखतो आणि शरीराला सावध करतो. आत्यंतिक भयाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे भयाची नोंद खोल उमटते; स्थळकाळाची जुळणी मात्र अपुरी राहते, असे अनेक संशोधक मानतात. म्हणून सायकल भय जागे करते, पण ‘हे २००८ साली घडले आणि संपले’ ही जाणीव त्यासोबत येत नाही.

तेव्हा ‘झाले गेले विसरून जा’ हा आप्तांचा सल्ला सद्भावनेचा असला तरी उपयोगी पडत नाही. भय मावळते ते पुसले जाऊन नव्हे, तर त्यावर नवे शिक्षण होऊन, हे पावलॉव्ह यांच्या प्रयोगांपासून दिसत आले आहे. शमलेली प्रतिक्रिया काही काळाने पुन्हा उद्भवते, हे त्यांना आढळले होते. नव्या शिक्षणात मेंदूचा पुढचा, ललाटामागील भाग अमिग्डालाला आवर घालण्यास शिकतो. बाजार कायमचा टाळणाऱ्याला मात्र तो बाजार आज सुरक्षित आहे हे शिकण्याची संधीच मिळत नाही.

उपचाराची दिशा यावरूनच ठरते. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सोबतीने रुग्ण तो प्रसंग आरंभापासून अखेरपर्यंत क्रमाने सांगतो आणि टाळलेल्या जागी हळूहळू पुन्हा जाऊ लागतो. घटना घडताच बळजबरीने बोलते करणे मात्र हितावह नाही. त्या वेळी सुरक्षितता, विश्रांती आणि आपल्या माणसांचा सहवास यांचीच गरज असते. महिना उलटूनही त्रास कमी न झाल्यास तज्ज्ञांकडे जावे. ही भित्रेपणाची खूण नाही, की मनाचा दुबळेपणाही नाही. आपले रक्षण करणारी यंत्रणा धोका टळल्यावरही जागी राहिली आहे, एवढाच याचा अर्थ होय.