चादर तोंडावरून घेऊ नकोस

तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, "दादा, यानं मशीन कपाटावर ठेवून दिलंय आणि परत भिंत हलेल असा घोरतोय." तुझं बोलणंही तिनं सांगितलं, "दमेकऱ्याच्या नाकाला कुणी पंखा जोडतं का?" सहा वर्षांपूर्वी मी तुझ्या मामीला अगदी हेच ऐकवलं होतं की! म्हणून लिहायला बसलो. औषधाचं आणि दाबाचं तुझे डॉक्टर बघतील. मी सांगतो ते मशीनच्या पुस्तकात नाही, कारण ते पुस्तक लिहिणाऱ्यानं सोलापूरचा मे महिना काढलेला नाही.

आधी समज नीट करून घे. सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन नव्हे, आणि दम्याचं औषधही नव्हे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, ती हवेच्या दाबानं उघडी ठेवायची एवढंच त्याचं काम. सिडनीच्या कॉलिन सुलिवन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली, आणि सुरुवातीच्या यंत्राला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. तेव्हा तुला तो पंखा वाटला त्यात फार चुकलं नाही. दमा छातीतल्या बारीक नळ्यांचा, हे झोपेत श्वास अडकण्याचं दुखणं घशाचं. पण रात्रभर श्वास अडकत राहिला की दमाही नीट आवरत नाही, आणि नाक चोंदलं की मशीन सोसत नाही. दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आता मुद्द्याचं. मशीन हवा तयार करत नाही. तुझ्या खोलीतलीच हवा ओढतं आणि तुझ्या नाकात भरतं. खोलीत धूळ असेल तर धूळ, उदबत्तीचा धूर असेल तर धूर. मागच्या बाजूचं फिल्टर जाड धूळ अडवतं, वास आणि धूर नाही अडवत. आपण सगळे मशीनला दोष देतो आणि खोलीकडे बघत नाही.

मी तीस वर्षं यंत्रमागावर मिस्त्री होतो. कारखान्यात सुताचा भुगा कसा उडायचा ते तू लहानपणी पाहिलंस, डबा घेऊन यायचास तेव्हा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळायची, मग आठवडाभर सवय झाल्यासारखं वाटायचं. कापसाच्या धुळीनं होणारा हा रोगच आहे, त्याला नाव आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. पण त्याच कारखान्यानं एक गोष्ट शिकवली. हवा कोरडी पडली की सूत तुटतं. म्हणून माग चालतात तिथं हवेत ओल राखावी लागते. फार ओल झाली तरी पंचाईत, सूत जड होतं, लोखंड गंजतं. नाकाचं अस्तर सुतासारखंच आहे रे. सोलापूरची हवा वर्षातले सात-आठ महिने कोरडी, त्यात मशीनचा वारा. अस्तर सुकतं, मग सुजतं, नाक बंद होतं, तोंड उघडतं, हवा तोंडातून सुटते, घसा पहाटे वाळूसारखा. आणि आपण म्हणतो, मला मशीन लागू पडत नाही.

म्हणून मशीनची, हवा ओलसर करणारी पाण्याची डबी कोरडी ठेवू नकोस. थंडीत, म्हणजे साधारण गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, तिची ऊब एक-दोन घरं वाढव. कोरडी थंड हवा दमेकऱ्याच्या नळ्या आवळते, ऊबदार ओलसर हवेनं ते टळतं. पण खोली गार आणि नळीतली हवा कोमट असली की नळीत पाणी साचून पहाटे नाकावर ठिबकतं. मी पहिल्यांदा दचकून उठलो, छपराकडे बघितलं. उपाय सोपा आहे. तुझ्या मामीनं जुन्या चादरीची पट्टी शिवून नळीला झबलं घातलं, आणि मशीन पलंगापेक्षा खालच्या स्टुलावर ठेवलं, म्हणजे पाणी उतरलंच तर माझ्याकडे येत नाही. स्टूलच हं, फरशी नको. जमिनीलगत धूळ जास्त.

डबीत नळाचं पाणी घालायचं नाही. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येणार, ते ड्रमात साठणार, आणि कसं जड आहे ते तुझ्या बादलीच्या बुडाला विचार. महिन्याभरात डबीच्या तळाला पांढरी पुटं चढतात. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आण. बॅटरीच्या दुकानातलं नको, ते माणसाच्या नाकासाठी केलेलं नसतं. एखाद्या रात्री नसलंच तर डबी रिकामी ठेव, ऊब बंद कर आणि तसाच झोप, एका रात्रीनं काही बिघडत नाही. सकाळी उरलेलं पाणी टाकायचं, डबी पालथी करून सुकवायची. पुटं चढली तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून थोडा वेळ भिजव, मग वास जाईपर्यंत खंगाळ. तो वास राहिला तर रात्री खोकला ठरलेला.

आणि ऐक, डबीत दुसरं काहीही घालायचं नाही. मी घातलं होतं. नाक चोंदलं होतं, वाटलं नीलगिरीचे चार थेंब टाकावेत, वाफाऱ्यासारखं होईल. रात्री दोन वाजता छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या, पंप घेऊन पलंगावर बसून राहिलो. वाफारा पाच मिनिटांचा असतो, हे आठ तास तोंडावर दाबून धरलेलं. बाम, कापूर, अत्तर, सगळ्यांना मनाई. खोलीत मच्छरची कॉईलही नको, मच्छरदाणी लाव. देवघराचा धूप देवघराच्या दाराआड राहू दे, आईला माझं नाव सांग.

मग उन्हाळा. आपला पारा मे महिन्यात चाळिशीच्या वर, आणि घराघरांत कूलर. कूलरची ओली हवा दम्याला चांगली असं तुझे वडील म्हणायचे. पाणी ताजं असेल आणि आतला भुसा नवा असेल तर त्यांचं बरोबर. पण मार्चमध्ये गच्चीवरून उतरवलेला, गेल्या वर्षीच्याच भुशाचा कूलर सुरू केलास, तर आधी येतो तो कुबट वास म्हणजे बुरशी. तीच मशीन ओढणार. भुसा दरवर्षी बदल, टाकीतलं पाणी साचू देऊ नकोस, खिडकी उघडी ठेव, आणि मशीन कूलरच्या झोतात ठेवू नकोस. एसी असेल तर त्याची जाळी पंधरा दिवसांनी धू. मशीनचं फिल्टर पुस्तकात महिन्यानं बदलायला सांगितलेलं असेल, तू उजेडात धरून बघत जा. आपल्याकडे ज्वारीची मळणी सुरू झाली की दोन आठवड्यांतच ते काळपट होतं.

आता चादर. सोलापूरकराला चादरीविरुद्ध सांगायचं म्हणजे जिभेला वळण लागत नाही, पण सांगतो. नवी चादर दोन-तीनदा धुतल्याशिवाय अंगावर घेऊ नकोस, सुरुवातीला ती भुगा सोडते. आणि डोक्यावरून ओढून झोपायची आपल्या घराण्याची सवय सोड. मास्कला पुढं बारीक भोकं असतात, उच्छ्वास तिथून बाहेर पडतो. ती झाकली गेली तर सोडलेलीच हवा परत आत. मशीनवरही चादर पडू देऊ नकोस, ते भुगा ओढतं.

खरा शत्रू दिसत नाही. गादी-उशीत बारीक किडे असतात, आपल्या अंगाच्या झडलेल्या कातडीवर जगतात. धुळीची ॲलर्जी म्हणतात ती बऱ्याचदा त्यांचीच. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धू, साठ अंशाला ते मरतात. कोमट पाण्यात त्यांची नुसती अंघोळ होते. गादीला घट्ट विणीची खोळ शिव. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग, गादी गच्चीवर टाक, पण झटकायचं काम दुसऱ्या कुणाला सांग.

नाकाचं. ही माझ्या मते अर्धी लढाई आहे, आणि लोक इथंच आळस करतात. झोपायच्या आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. पाणी उकळून गार केलेलंच, ड्रममधलं कधीही नाही. मग डॉक्टरांनी दिला असेल तो नाकाचा फवारा. मान किंचित खाली, फवाऱ्याचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, तर त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं, आणि जोरात सुरकायचं नाही, नाहीतर सगळं घशात. दोन दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नकोस. त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. उलट नाक चटकन मोकळं करणारे थेंब मिळतात ते तीन-चार दिवसांपुढं घालू नकोस, नंतर नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. पावसाळ्यानंतर काँग्रेस गवत फुलतं आणि गड्ड्यात होम मैदानावर धूळ असते, दारूकामाचा धूर असतो. जत्रेला जाऊ नको असं मी सांगणार नाही. परत आलास की कपडे बाहेर काढ, डोक्यावरून पाणी घे, नाक धू, मग मास्क.

पंप घ्यायचा तो मास्कच्या आधी, स्पेसर लावून, आणि स्टिरॉइडचा असेल तर चूळ भरून. आरामाचा पंप उशाशी, हात पोचेल असा. आता हे नीट वाच. रात्री धाप लागली तर मास्क काढ, उठून बस, पंप घे. मशीन धाप थांबवत नाही. पंप घेऊनही उतार पडला नाही, एक वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसायला लागले तर सकाळची वाट बघायची नाही. आईला उठव, रिक्षा मिळेल ती पकड आणि दवाखाना गाठ. आणि बरं नाही म्हणून मशीनचा दाब स्वतः खालीवर करू नकोस. मशीनमधल्या कार्डात रोजची नोंद असते, किती तास लावलं, किती हवा गळली, तासाला किती वेळा श्वास अडला. ते डॉक्टरांना दाखव.

मास्कनं चट्टे उठले की लगेच ॲलर्जी म्हणू नकोस. माझे उठले ते खोबरेल तेल लावून झोपायच्या सवयीनं आणि पट्टा करकचून आवळल्यानं. चेहरा साध्या साबणानं धुवून कोरडा कर, तेल-क्रीम काही नको. पट्टा एवढाच आवळ की खाली बोट सरकेल. उशी रोज कोमट पाण्यात सौम्य साबणानं धू, म्हणजे मास्कची रबरी उशी म्हणतोय, डोक्याची नाही! नळी आठवड्यातून एकदा धुऊन न्हाणीघराच्या खुंटीवर सावलीत लोंबकळत ठेव. ओझोननं मास्क साफ करणाऱ्या डब्या विकतात, त्या घेऊ नकोस. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० सालीच त्यांच्याबद्दल सावध केलंय, आणि ओझोन दमेकऱ्याच्या छातीला झोंबतो. दाढीचं तू ठरव. माझ्या मिशीतून हवा सुटत होती, मी मिशी कापली, मामी आठवडाभर हसत होती.

मला पहिला मास्क दुकानदारानं माप न घेता गळ्यात मारला होता. नाक सारखं चोंदतं त्याला नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क सोपा वाटतो, मलाही वाटला. पण नाक ताळ्यावर आल्यावर मी लहान मास्कवर आलो आणि सुखी झालो. तू घाई करू नकोस, आडवं झोपून, मशीन चालू करून लावून बघ. बसून लावला तर सगळेच बरे बसतात.

रात्रीचं जेवण आठच्या आत. शेंगाचटणी आणि भाकरी खाऊन लगेच आडवा झालास तर आंबट वर येतं, त्यानंही खोकला आणि धाप. वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालतं, फक्त पाण्याची ऊब बंद ठेव, बॅटरी तीच खाते. झोपेची गोळी किंवा ॲलर्जीची झोप आणणारी गोळी डॉक्टरांना न विचारता नको.

सवयीचं म्हणशील तर रात्री सुरुवात करू नकोस. दुपारी क्रिकेट बघताना नुसता मास्क लावून बस, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी मशीन चालू करून. तिसऱ्या दिवशी दुपारची डुलकी त्यातच काढ. दाब हळूहळू चढवायची सोय मशीनमध्ये असते, ती लावायला सांग. रात्री चार तास झाले तरी तुझ्या आईला फोन करून मला कळवायला सांग, मी पेढे मागणार नाही. सर्दीनं अगदीच बेजार असलास तर एखादी रात्र सोड, दुसऱ्या रात्री परत लाव. माझं एकदा असंच सोडून तीन आठवडे राहिलं होतं, ते तुझ्या आईला माहीत नाही.

रविवारी मी येतोय. कपाटावरचं मशीन खाली काढून ठेव, फिल्टर मी बघतो. आणि तुझी आई म्हणत होती, गादी गोळा झालीय, पिंजाऱ्याला बोलवणार. तो यायचा दिवस मला आधी सांग. त्या दिवशी तू सकाळीच मशीन घेऊन आमच्याकडे यायचं आणि रात्री इथंच झोपायचं. मामी कडक भाकरी करणार आहे.