बंद दार, उघडे दार

मुलांनो, मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेजवळ डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आणि जुन्या मुंबईचे नकाशे तेथे आहेत.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे संग्रहालय बंद झाले. तेव्हा त्याची व्याख्याने व कार्यशाळा इंटरनेटवरून होऊ लागल्या. मुंबईकरांना बंद झालेले दार सोनपेठच्या मुलांना घरबसल्या उघडले! पण घरात मोबाइल एकच आणि तोही अब्बा कामावर नेणार. मग मुलांनी पाहायचे कधी?

आणखी एक अडचण आहे. पडद्यावर वीतभर मूर्ती आणि पुरुषभर उंचीचा पुतळा सारखेच दिसतात. म्हणून चित्राखाली माप दिले असेल, तर ते आधी वाचा.